शटरला पीयू की पाण्याचा रंग?

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या रंगाला जेवढे सोसावे लागते तेवढे घरातल्या दुसऱ्या कुठल्याही रंगवलेल्या फळीला सोसावे लागत नाही. ओट्याखालच्या ट्रॉलीवर फोडणीचे तेल उडते. हळदीचे बोट हँडलशेजारी उमटते. कुकरची शिट्टी झाली की वरच्या शटरच्या खालच्या कडेवर वाफ आदळते, आणि सिंकखालच्या दाराच्या तळाशी साबणाचे पाणी ओघळत राहते. शिवाय ही सगळी दारे रोज पुसली जातात, आणि पुसण्याने होणारी झीज डागांपेक्षा हळू पण अखंड चालते. दिवाणखान्यातल्या कपाटावर वर्षानुवर्षे धड राहिलेला रंग इथे कडांपाशी लवकर फुगतो, तो याचमुळे.

असा रंग ब्रशने न लावता स्प्रेने मारावा, याबद्दल फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो गनच्या कपात काय ओतायचे यावर. या कामात दोन भूमिका ठळकपणे समोर येतात. एक आहे कारखान्यात शटर रंगवून देणाऱ्या कारागिराची. दुसरी आहे माणसे राहत असलेल्या घरांचे नूतनीकरण करणाऱ्या अंतर्गत सजावटकार बाईंची. पुढचा संवाद कोणा विशिष्ट दोन माणसांचा नाही. या दोन भूमिका एकमेकींसमोर बसवल्या आहेत.

त्याआधी रंग कडक कसा होतो ते पाहिले पाहिजे, कारण टिकाऊपणाचे मूळ तिथे आहे. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, थिनर उडून गेला की सुकतो. त्यातले रेणू एकमेकांना बांधले जात नाहीत, म्हणून पुन्हा थिनर लागला की थर विरघळतो. १९२३ साली ड्युपाँट कंपनीचा याच जातीचा ड्युको रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि मोटारीच्या रंगकामाला लागणारा वेळ दिवसांवरून तासांवर आला. तो वेग फर्निचरवाल्यांनाही आवडला. आज कोटेशनमध्ये ‘ड्युको फिनिश’ एवढेच लिहिलेले असले तर आत एनसी आहे की पीयू हे कळत नाही, आणि दोहोंच्या आयुष्यात मोठा फरक आहे. सिंथेटिक इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो. त्याला वेळ लागतो, आणि पांढरा इनॅमल बंद कपाटाच्या अंधारात उजेडापेक्षाही लवकर पिवळा पडतो. मेलामाइन आम्लाच्या मदतीने कडक होते. लाकडाच्या रेषा दिसू देणाऱ्या पारदर्शक कामात ते अजून वापरात आहे, पण ते ठिसूळ असते आणि कडक होताना फॉर्माल्डिहाइड सोडते. अपारदर्शक रंगाच्या शटरसाठी या तिन्हींचा विचार आज करू नये. उरतात दोन: हार्डनर घालून मारायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, आणि पाण्यात पातळ होणारा रंग.

पीयूची रसायनविद्या जर्मनीत लेव्हरकुसेन इथे ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधली. एका डब्यात पॉलिओल असलेला बेस असतो, दुसऱ्यात आयसोसायनेट असलेला हार्डनर. दोन्ही मिसळले की रेणूंचे जाळे विणले जाऊ लागते आणि एकदा विणलेले जाळे थिनरने सुटत नाही. पाण्याच्या रंगात ॲक्रिलिकचे किंवा ॲक्रिलिक-युरेथेनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो. काही जातींत त्यानंतर थोडी बांधणीही होते, पण ती पीयूइतकी दाट नसते.

कारागीर : मॅडम, सगळ्या वादाचे उत्तर हळद देते. एका फळीच्या तुकड्यावर पाण्याचा रंग, दुसऱ्यावर पीयू. दोन्हींवर हळद कालवलेले गरम तेल टाका आणि सकाळी पुसा. पीयूवर डाग राहिलाच तर पुसट राहील. पाण्याच्या रंगावर पिवळा गोल कायमचा बसेल.

सजावटकार : काका, ते तुकडे किती दिवसांचे? पाण्याचा रंग हाताला दोन तासांत सुकलेला वाटतो, पण आतून कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तुम्ही परवा मारलेल्या रंगावर हळद टाकली, तर ती परीक्षा रंगाची झाली नाही, घाईची झाली.

कारागीर : बरोबर. पण गिऱ्हाईक चार आठवडे फोडणी देणे थांबवत नाही.

एवढ्या बोलण्यात बहुतेक सगळा मुद्दा येतो. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. तेल पापुद्र्यात जिथे शिरेल तिथे ते कर्क्युमिनला सोबत नेते. पाण्याच्या रंगात कणांना एकजीव होण्यासाठी मंद उडणारी द्रावणे घातलेली असतात. ती पापुद्र्यात आठवडेच्या आठवडे रेंगाळतात आणि तोवर पापुद्रा मऊ राहतो. त्या काळात पडलेला डाग वरवर राहत नाही, आत मुरतो. अशा डागावर साबण किंवा सोडा चोळला तर तो लालसर तपकिरी होतो, कारण कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलते. रंग जळाला असे समजून घरातली माणसे घाबरतात. उन्हाने कर्क्युमिन विटते, त्यामुळे खिडकीजवळच्या शटरवरचा पिवळेपणा काही दिवसांत उतरतो आणि कोपऱ्यातला राहतो.

अमेरिकेत स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी केसीएमए या उत्पादक संघटनेची ए१६१.१ ही प्रमाणपद्धती आहे. तिच्यात व्हिनेगर, लिंबू, संत्रे व द्राक्षांचा रस, टोमॅटो केचप, कॉफी, ऑलिव्ह तेल आणि मद्यार्क हे पदार्थ रंगावर २४ तास ठेवतात. मोहरीचा सॉस मात्र फक्त १ तास ठेवतात. तिकडच्या त्या सॉसला पिवळा रंग बहुधा हळदीनेच आलेला असतो. कपाटाच्या रंगाला हळद किती जड जाते याचा अंदाज या एका तासावरून यावा. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात रात्री राहिलेला डाग सकाळीच दिसतो, म्हणून इथली परीक्षा रात्रभराची असायला हवी. डागाच्या निकषावर पूर्ण कडक झालेला पीयू पुढे आहे, हे मान्य करावे लागते. पांढऱ्या मॅट पीयूवरही हळदीची फिकट छटा राहू शकते. पण पाण्याच्या एकघटकी रंगापेक्षा ती बरीच कमी असते.

सजावटकार : डाग मान्य. मग पिवळेपणाचे बोला. दोन-तीन वर्षांत पिवळी पडलेली पांढरी पीयूची शटरे मी पाहिली आहेत. पाण्याचा ॲक्रिलिक पांढरा असतो तसाच राहतो.

कारागीर : तो स्वस्त हार्डनरचा दोष आहे, मॅडम. पिवळा न पडणारा हार्डनर वेगळा मिळतो, महाग मिळतो. पांढऱ्याला तोच घालायचा असतो. खाली प्रायमरला साधा चालतो, कारण त्याच्यावर रंग येतो.

कारागिराचे हे म्हणणे अचूक आहे. हार्डनर दोन कुळांतले असतात. ॲरोमॅटिक कुळातले स्वस्त असतात, झटपट कडक होतात आणि उजेडात पिवळे पडतात. ॲलिफॅटिक कुळातले महाग असतात आणि रंग राखतात. पांढऱ्या, ऑफ-व्हाइट आणि फिकट राखाडी शटरच्या शेवटच्या कोटांना ॲलिफॅटिक हार्डनरच हवा. बेस चांगल्या प्रतीचा घेऊन हार्डनर दुसऱ्या मालिकेतला घातला जातो, ही या धंद्यातली खरी पळवाट आहे. दोन्ही डबे ग्राहकाने आपल्या डोळ्यांनी पाहावेत आणि मिश्रणाचे प्रमाण कंपनीच्या पत्रकाशी ताडून घ्यावे. हार्डनर कमी पडला तर जाळे अपुरे विणले जाते, जास्त झाला तर पापुद्रा ठिसूळ होतो.

सजावटकार : आणि पाऊस? जुलैत मुंबईत पीयू मारला की त्यावर बारीक छिद्रे येतात, चमक मरते.

कारागीर : हवेत पाणी असले तर दोन्ही रंग रडतात. तुमचा पाण्याचा रंग तर सुकतच नाही.

पावसाळ्याचा त्रास दोन्हींना होतो, पण कारणे निराळी आहेत. आयसोसायनेटला पॉलिओलइतकीच पाण्याचीही ओढ असते. ओलावा मिळाला की हार्डनरचा काही भाग पाण्याशी संयोग पावतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ओल्या थरात बुडबुडे अडकतात. तेवढा हार्डनर जाळे विणायला उरत नाही, म्हणून थर मऊ आणि मंद राहतो. हे पाणी अनेकदा पावसाचे नसून कॉम्प्रेसरच्या टाकीतले असते. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन नळीतून गनपर्यंत येते. टाकी रोज रिकामी करणे आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवणे हा त्यावर साधा उपाय आहे. पाण्याच्या रंगाची अडचण सरळ आहे: दमट हवेत त्याचे पाणी उडायला जागा नसते. कोट ओघळतो, सुकायला वेळ लागतो, आणि वरून सुकलेली दारे चौकटीला चिकटतात. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम उघड्यावर काढूच नये. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा फळीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त नसेल, तर गन खाली ठेवलेली बरी.

पुढचा मुद्दा टिकाऊपणाचा नाही, पण निवड बहुतेक वेळा त्यावरच ठरायला हवी. तो आहे श्वासाचा.

सजावटकार : काका, शेजारच्या खोलीत आजी आणि लहान मूल असताना तुम्ही स्वयंपाकघरात पीयू मारता. दाराला प्लास्टिक लावले की झाले का?

कारागीर : वास दोन दिवसांत जातो, मॅडम. आम्ही रुमाल बांधतो. इतकी वर्षे मारतोय.

सजावटकार : वास थिनरचा असतो. हार्डनरचा वास येण्याआधीच तो धोक्याच्या मात्रेत असतो. आणि रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

इथे सजावटकाराची बाजू पूर्णपणे खरी आहे. आयसोसायनेटमुळे व्यावसायिक दमा होतो, हे वैद्यकशास्त्रात पक्के ठाऊक आहे. एखाद्याचे शरीर एकदा या द्रव्याला संवेदनशील झाले की त्यानंतर अत्यल्प मात्राही धाप लावते, आणि तो माणूस या कामावर पुन्हा उभा राहू शकत नाही. इतकी वर्षे काही झाले नाही, हा यावरचा दिलासा नव्हे. संवेदनशीलता वर्षांनंतरही येते. गनमधून निघणारे धुके सर्वात घातक असते, म्हणून त्या कामाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त मुक्त डायआयसोसायनेट असलेला माल व्यवसायासाठी वापरणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडे त्याच द्रव्याच्या धुक्यात बंद फ्लॅटमध्ये रुमालावर भागवले जाते, आणि ते थांबले पाहिजे. थिनरच्या वाफा पेट घेतात हे वेगळेच. स्वयंपाकघरातच काम होत असेल तर गॅस सिलिंडर बाहेर हलवणे आणि फ्रीजचा प्लग काढणे ही किमान काळजी.

सजावटकारांच्या युक्तिवादातही एक कच्ची जागा आहे. पाण्याचा रंग म्हणजे निर्धोक, असे सरसकट म्हणता येत नाही. पाण्याचा दोनघटकी पीयू डाग सोसण्यात थिनरच्या पीयूच्या पुष्कळ जवळ जातो, पण त्याचा हार्डनरही बहुधा आयसोसायनेटचाच असतो. त्याला वास कमी म्हणून माणसे अधिकच निष्काळजी होतात. घरात मारण्यायोग्य आहे तो हार्डनरशिवायचा एकघटकी पाण्याचा रंग, आणि त्यालाही खिडक्या उघड्या व तोंडावर योग्य मुखवटा हवा. जुनी ऑइल पेंट मारलेली लाकडी कपाटे घासताना आणखी एक काळजी आहे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारे नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा आणि मुलांना दूर ठेवावे.

कारागीर : बरं. मी घरात मारत नाही. शटर कारखान्यात नेतो. आता काय हरकत?

सजावटकार : मग माझी हरकत फारच कमी उरते. पण तुम्ही चार दिवस स्वयंपाकघर उघडे ठेवणार, आणि रंगाची छटा बाजूच्या फळ्यांशी जुळली नाही तर?

मॉड्युलर स्वयंपाकघरात हा मार्ग वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. शटर ३५ मिलीमीटरच्या कप हिंजवर बसलेले असते; दोन-दोन स्क्रू सैल केले की दार हातात येते. आतली पेटी बहुधा लॅमिनेटची असते, तिला रंगाची गरजच नसते. उघड्या बाजूच्या फळ्या मूळच्या पेटीवर वरून ठोकलेल्या असल्या तर त्याही निघतात. प्रत्येक दारामागे आणि त्याच्या जागेवर एकच क्रमांक लिहावा, हिंज वेगळे पिशवीत ठेवावेत. छटा जुळण्यासाठी सगळ्या दारांचा रंग एकाच वेळी कालवावा आणि नंतरच्या डागडुजीसाठी त्यातला बेस, हार्डनर न मिसळता, झाकण घट्ट लावून जपावा.

मग फळीची गोष्ट येते. पीयू चांगला असूनही शटर फुगते तेव्हा दोष बहुधा फळीचा आणि कडेचा असतो. साध्या एमडीएफच्या कडा पाणी ओढतात. सिंकखाली ओलावा सोसणारा एचडीएचएमआर बोर्ड घ्यावा. प्लायवूड आयएस ७१० प्रतीचे असले तरी त्याच्या रेषा काही महिन्यांत गुळगुळीत रंगातून वर दिसू लागतात, म्हणून पेटी प्लायवूडची आणि दार एचडीएचएमआरचे ही जोडी बरी. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. कड २ ते ३ मिलीमीटर गोल केली आणि ती सीलरने दोनदा बंद केली, तर सगळ्या कोटांनी मिळून होणार नाही इतके आयुष्य वाढते. दाराच्या मागच्या बाजूलाही तेवढेच कोट हवेत; एका बाजूला रंग आणि दुसरी कोरडी असे दार वाकते. जुनी दारे असतील तर घासण्याआधी धुण्याच्या सोड्याने तेल काढून, स्वच्छ पाण्याने पुसून, पूर्ण वाळवावीत. तेलावर घासकागद मारला की तेल आतच दाबले जाते, आणि नंतर रंगात डोळे पडतात.

चकाकीबद्दल दोघांचे एकमत होण्यासारखे आहे. हाय ग्लॉस धुवायला सोपा, पण त्यावर बोटांचे ठसे आणि फडक्याचे ओरखडे लगेच दिसतात. अगदी मॅट रंगात चमक मारण्यासाठी सिलिका घातलेली असते. तिच्यामुळे डाग पकडायला खडबडीत जागा मिळते आणि हँडलभोवती पुसून पुसून चकाकते ठिपके तयार होतात. मधला सॅटिन स्वयंपाकघराला सर्वात योग्य.

कारागीर : दुरुस्तीचे तुम्ही काढले नाही म्हणून मीच सांगतो. पीयूला टवका उडाला तर नुसता ठिपका लावून भागत नाही. पूर्ण दार घासून पुन्हा मारावे लागते.

सजावटकार : म्हणूनच भाड्याच्या घरात मी पाण्याचाच मारते. दोन वर्षांनी मालक रंग बदलणार असतो.

गनबद्दल थोडक्यात सांगता येते. एचव्हीएलपी गनच्या टोकाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत असतो, त्यामुळे रंग कमी उडून जातो आणि फळीवर जास्त बसतो. शटरच्या कामाला ती पुरेशी आहे. अंतर १५ ते २० सेंटीमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर. रंग घट्ट असला की संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो, पातळ असला की ओघळ येतात. बी-४ फोर्ड कपाने पातळपणा मोजणाऱ्याला अंदाज बांधावे लागत नाहीत. दोन कोटांमध्ये कंपनीने सांगितलेली वेळ उलटून गेली असेल तर ३२० किंवा ४०० नंबरच्या कागदाने हलके घासल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही.

या सगळ्यावरून निवड अशी ठरते. स्वतःचे घर, रोजची फोडणी आणि दारे कारखान्यात नेण्याची सोय असेल, तर एचडीएचएमआरवर ॲलिफॅटिक हार्डनरचा सॅटिन पीयू हाच टिकाऊ रंग आहे. तो पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर दारे ओल्या फडक्याने पुसू नयेत. दारे निघत नसतील, घर भाड्याचे असेल किंवा काम राहत्या घरातच करणे भाग असेल, तर एकघटकी पाण्याचा रंग घ्यावा आणि पहिला महिना हळदीचा प्रत्येक थेंब पडताक्षणी पुसावा. राहत्या घरात आयसोसायनेटचा हार्डनर गनमध्ये घालू नये, मग तो थिनरचा असो की पाण्याचा. आणि कारखान्यात पीयू मारून घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाने कारागिराला हवा पुरवणाऱ्या मुखवट्याबद्दल विचारावे. तो नसेल तर त्याचा खर्च कोटेशनमध्ये लावायला सांगावा आणि तो द्यावा.